जोखमीचं गरोदरपण: कोकणातल्या घरात जेवण आणि वजन कसं सांभाळायचं

गरोदरपणाच्या कार्डावर जोखमीचा लाल स्टिकर लागला की घरात पहिली कुऱ्हाड पडते ती त्या बाईच्या जेवणावर. साखर निघाली, भात बंद. बीपी वाढलं, मीठ बंद. रक्त कमी आहे, पण मासे उष्ण, म्हणून तेही बंद. वजन जास्त आहे, मग रात्री नुसती पेज. प्रत्येक गोष्ट काळजीपोटीच होते, पण आठव्या महिन्यापर्यंत ती बाई चहा-बिस्किटं आणि पेजेवर आलेली असते आणि सोनोग्राफीत बाळाची वाढ मागे पडलेली दिसते. गरोदर बायकांशी आहाराबद्दल बोलणं हे माझं काम आहे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांत मला सगळ्यात जास्त वेळा हेच बघायला मिळतं. जोखीम कोणतीही असो, बाईचं जेवण बदलावं लागतं. ते कमी करायची वेळ फार क्वचित येते, आणि तेव्हाही ते किती आणि काय हे डॉक्टर सांगतात.

ज्यांच्या घरी हे पहिल्यांदाच घडतंय त्यांच्यासाठी हे पायरीपायरीने लिहिलंय. औषधं आणि इंजेक्शनं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. इथे मी स्वयंपाकघर आणि वजनकाटा एवढंच धरून चालते.

पहिली पायरी: जोखीम कोणती, ते नावानिशी विचारा

'केस जोखमीची आहे' एवढं ऐकून घरी येऊ नका. कारण विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. रक्त कमी असेल तर हिमोग्लोबिन किती? साखर असेल तर कोणत्या तपासणीत किती आली? बीपी कधीपासून आणि किती? जुळं आहे, थायरॉइड आहे, आधीचं सिझेरियन आहे, वय १८ च्या आत किंवा ३५ च्या वर आहे, उंची फार कमी आहे, वार (प्लासेंटा) खाली आहे, आधीचं बाळ कमी वजनाचं झालं होतं, या सगळ्यांना जोखीमच म्हणतात, पण प्रत्येकीचं ताट वेगळं असतं. शेजारणीला साखर होती म्हणून तिने जे केलं ते रक्त कमी असलेल्या बाईने करायचं नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. २०१६ पासून हे सुरू आहे. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या दिवशी कोण डॉक्टर येतात हे आशाताईंना आधी विचारून ठेवा आणि प्रश्न कागदावर लिहून न्या. गर्दीत आठवत नाहीत.

दुसरी पायरी: सुरुवातीचं वजन आणि उंची

सगळा हिशेब इथून सुरू होतो. गरोदर राहण्याआधीचं वजन माहीत असेल तर उत्तम, नसेल तर पहिल्या तीन महिन्यांत केलेलं पहिलं वजन धरा. उंची भिंतीला पाठ लावून, चप्पल काढून मोजा.

वजनाला (किलोत) उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गाने भागायचं. उंची १५० सेंटीमीटर म्हणजे दीड मीटर. दीड गुणिले दीड म्हणजे २.२५. वजन ४० किलो असेल तर ४० भागिले २.२५, म्हणजे १७.८. याला बीएमआय म्हणतात.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये ठरवलेले आकडे जगभर वापरले जातात. बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर पूर्ण गरोदरपणात १२.५ ते १८ किलो वाढ, १८.५ ते २४.९ असेल तर ११.५ ते १६, २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५, आणि ३० च्या वर ५ ते ९ किलो. जुळं असेल तर मध्यम वजनाच्या बाईला १७ ते २५ किलो. आपल्याकडे दवाखान्यात बहुधा सरसकट १० ते १२ किलो सांगितलं जातं. मध्यम बांध्याच्या, ठेंगण्या बाईला ते ठीक आहे. पण वर सांगितलेल्या ४० किलोच्या बाईने १० किलोवर समाधान मानू नये. आपल्या लोकांत चरबी पोटाभोवती लवकर साठते, त्यामुळे भारतीयांसाठी काही डॉक्टर २३ च्या वरच वजन जास्त धरतात. तुमचा आकडा त्यांच्याकडूनच पक्का करून घ्या आणि तो कार्डाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

घरात हमखास ऐकू येणारं एक वाक्य: 'जास्त खाल्लंस तर पोर मोठं होईल, बाळंतपण अडेल.' त्या भीतीने बायका सातव्या महिन्यापासून हात आखडता घेतात. वाढलेल्या वजनात बाळ साधारण तीन किलोचं. बाकी वार, पाणी, वाढलेलं रक्त, गर्भाशय, स्तन आणि पुढे दूध पाजण्यासाठी साठवलेली चरबी. अर्धपोटी राहिल्याने बाळंतपण सोपं होत नाही. बाळ अशक्त होतं आणि आईच्या अंगात कळा सोसायचं बळ राहत नाही.

तिसरी पायरी: आठवड्याला एक वजन, एकाच काट्यावर

ठरावीक वारी, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत. घरी काटा नसेल तर अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात, पण दर वेळी तोच काटा. आज घरचा, पुढच्या आठवड्यात मेडिकलच्या दुकानातला, असं केलं तर दोन काट्यांतला फरकच वाढ म्हणून लिहिला जातो.

पहिल्या तीन महिन्यांत मिळून अर्धा ते दोन किलो वाढ पुरे. उलट्यांमुळे थोडं घटलं तरी चालतं, पण मूळ वजनाच्या शंभराला पाच भाग घटलं, म्हणजे ५० किलोच्या बाईचं अडीच किलो, किंवा पाणीही टिकत नसेल, तर दवाखाना गाठा. चौथ्या महिन्यापासून कमी वजनाच्या बाईला आठवड्याला अर्धा किलो, मध्यम वजनाच्या बाईला ४०० ग्रॅमच्या आसपास, जास्त वजनाच्या बाईला पाव किलोच्या आसपास वाढ अपेक्षित आहे.

आता महत्त्वाचं. आकडा चढला की घरात आनंद होतो, पण चढणारं प्रत्येक वजन अन्नाचं नसतं. एका आठवड्यात एक किलोच्या वर वाढलं तर कान टवकारा. दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी बीपी आणि लघवी तपासून घ्या. हे बहुधा अंगात साठलेलं पाणी असतं, आणि विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढण्याची ती पहिली खूण असू शकते. नडगीच्या हाडावर अंगठा पाच-सहा सेकंद दाबून धरा. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला तर सूज आहे. संध्याकाळी पायाला थोडी सूज पुष्कळ जणींना येते. सकाळी उठल्यावर तोंडावर, पापण्यांवर सूज आणि बोटातली अंगठी घट्ट होणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे थांबू नका.

उलट, चौथ्या महिन्यानंतर लागोपाठ दोन-तीन आठवडे काटा हललाच नाही तर तेही नर्सताईंना सांगा.

चौथी पायरी: रोजचं ताट

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने गरोदरपणात रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. एक भाकरी, एक वाटी उसळ आणि एक पेला दूध म्हटलं की साधारण तेवढं झालं. 'दोन जिवांचं' म्हणून दुप्पट भात खायची गरज नाही. प्रथिनं मात्र शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम जास्त लागतात, आणि कोकणातलं ताट नेमकं इथेच कमी पडतं. भात डोंगराएवढा, आमटी पातळ, आणि माशाची तुकडी घरातल्या पुरुषांनंतर तिच्या वाट्याला. एक मध्यम बांगडा आणि एक अंडं एवढ्याने ती तूट जवळजवळ भरते. मासे-अंडी न खाणाऱ्यांनी कुळीथ, काळे वाटाणे, चवळी, मूग, दही-ताक, दूध, शेंगदाणे यांवर भर द्यावा.

कुळथाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण घरोघरी असूनही त्याला गरिबाचं खाणं म्हणून मागे टाकलं जातं. १०० ग्रॅम कुळथात २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, शिवाय भरपूर लोह आणि कॅल्शियम. पिठी करताना हात सैल सोडा. चार माणसांत दोन चमचे पीठ घातलं तर ते रंगीत पाणीच होतं. तिच्या एकटीच्या वाटीत दोन मोठे चमचे पीठ जाईल एवढी दाट करा, वरून लिंबू पिळा. मोड आणून उसळ केली तर आणखी चांगलं. 'कुळीथ उष्ण' म्हणून घाबरू नका, पोटाला जड वाटलं तर दिवसाआड करा.

नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. भाकरी, आंबील, सत्त्व, कशातही चालेल. सोबत एक पालेभाजी रोज: लाल माठ, शेवग्याचा पाला, मेथी, चवळी. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९० च्या दशकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा मोठा अभ्यास केला. पालेभाज्या, फळं आणि दूध ज्यांच्या खाण्यात जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जन्मतः जास्त भरलेली होती. नुसत्या एकूण कॅलरींशी बाळाच्या आकाराचा तसा संबंध दिसला नाही. म्हणून भाताचा ढीग वाढवण्यापेक्षा ताटात एक भाजी वाढवा.

मासे. 'तिका म्हावरा देव नको, उष्ण पडता,' असं सांगणाऱ्या आजीला मान द्या आणि बांगडा वाढा. बांगडा, तारली, मांदेली, मोतकं हे छोटे मासे गरोदर बाईला फार चांगले. बाळाच्या मेंदूला लागणारा स्निग्धांश त्यांत आहे, आणि काट्यासकट खाता येणाऱ्या बारीक माशांतून कॅल्शियमही मिळतं. आठवड्याला दोन-तीन वेळा खा. मोरी म्हणजे शार्क टाळा, मोठा कुपा (ट्यूना) आणि भली मोठी सुरमई क्वचितच. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं लोहाला उत्तम, पण ताजी आणि पूर्ण शिजलेलीच. आणि तळण्यापेक्षा तिखलं किंवा सार बरं.

गोळ्या हा ताटाचाच भाग समजा. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड), किमान १८० दिवस. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह अंगी लागत नाही, म्हणून दोन तासांचं अंतर. कॅल्शियम जेवणासोबत चालतं. लोहाच्या गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको. दूधही नको. आवळा, पेरू किंवा लिंबू-पाणी सोबत चांगलं. शौचाला काळं होतं, ते गोळीमुळे, घाबरू नका.

पाचवी पायरी: जोखमीप्रमाणे ताट बदला

रक्त कमी असेल तर. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. ७ च्या खाली खाण्यावर विसंबायचं नाही, तिथे दवाखान्यातच उपचार लागतात. त्याच्या वर असेल तर डॉक्टर बहुधा गोळ्या दुप्पट करतात आणि महिन्याने पुन्हा तपासतात. चौथ्या महिन्यानंतर जंताची गोळी एकदा घ्यायची असते, ती चुकवू नका. शेतात अनवाणी काम करणाऱ्या बाईला जंत होणं साधी गोष्ट आहे, आणि जंत असतील तर ते आतड्यात रक्त शोषतात. बीट-डाळिंबाच्या रसाने रक्त वाढतं ही समजूत काही सुटत नाही. रस प्यायला हरकत नाही, पण त्या पैशांत अंडी आणि तिसऱ्या आल्या तर उपयोग जास्त. डोहाळे म्हणून माती, भाजलेलं मडकं, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर लपवू नका. ती लोह कमी असल्याची खूण असू शकते. दोन महिने गोळ्या नीट घेऊनही आकडा हलत नसेल तर सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी करायची का, ते विचारा.

साखर असेल तर. याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४० किंवा वर आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात. नंतर लक्ष्य असतं उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवल्यावर दोन तासांनी १२० च्या आत.

भात पूर्ण तोडू नका. पिष्टमय पदार्थ अजिबात न खाल्ल्यास शरीर चरबी जाळू लागतं आणि त्यातून तयार होणारी आम्लं बाळाला चांगली नाहीत. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग मासा, अंडं किंवा उसळ, उरलेल्या पाव भागात एक वाटी भात किंवा एक भाकरी. भात आणि भाकरी दोन्ही नको. आधी भाजी आणि उसळ खा, भात शेवटी. सकाळची पेज हा इथला खरा अडथळा. मऊ शिजलेली पेज झपाट्याने साखर चढवते, आणि सोबत नुसतं लोणचं असेल तर तिला अडवायला ताटात काहीच नसतं. पेजेऐवजी एक नाचणीची भाकरी आणि अंडं, किंवा एक-दोन घावणे आणि मुगाची उसळ घ्या. पेज हवीच असेल तर अर्धी वाटी, आणि सोबत उसळ. उकडा किंवा लाल तांदूळ पांढऱ्यापेक्षा बरा, पण तो लाल आहे म्हणून तीन वाट्या खायची मुभा नाही.

हापूस? एप्रिल-मेमध्ये कोकणात आंबा खाऊ नकोस म्हणणं माझ्याने होत नाही. साखर आटोक्यात असेल तर मधल्या वेळी, सोबत मूठभर शेंगदाणे घेऊन, आंब्याच्या दोन-तीन फोडी. रस नको, जेवणावर तर नकोच. आंबापोळी, फणसपोळी, खाजा, साखर घातलेलं कोकम सरबत बंद. बिनसाखरेची सोलकढी चालते. दिवसात तीन जेवणं आणि दोन-तीन लहान खाणी ठेवा, झोपताना पेलाभर दूध घ्या. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर जेवल्यावर १५ ते २० मिनिटं अंगणात चाला. इन्सुलिन चालू असेल आणि हातपाय थरथरले, घाम फुटला, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी साखर तपासा आणि मग काही खायला द्या.

बीपी असेल तर. बिनमिठाचं जेवण वाढायची गरज नाही. मीठ तोडल्याने गरोदरपणातलं बीपी टळतं असं दिसलेलं नाही, आणि अळणी जेवण बाई जेवत नाही हे तर रोजचंच. जेवणात चवीपुरतं मीठ ठेवा, वरून घेऊ नका. काढायचं ते खारा बांगडा, लोणचं, पापड, सांडगी मिरची, फरसाण. पाणी कमी करू नका. लघवीतून प्रथिनं जात असली तरी प्रथिनं खाणं सोडू नका. कॅल्शियम इथे फार महत्त्वाचं, नाचणी, दूध आणि गोळ्या यांत खंड नको. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं यातलं काहीही झालं तर घरी लिंबू सरबत करत बसू नका, १०८ लावा.

वजन कमी किंवा बाळाची वाढ कमी असेल तर. एकदम जास्त खाववत नाही, म्हणून थोडं थोडं सहा वेळा. त्याच वाटीत जास्त ताकद कशी जाईल हे बघा. उसळीवर दोन चमचे ओलं खोबरं, भाकरीवर चमचाभर तूप, आंबिलीत पाण्याऐवजी दूध आणि गूळ, मधल्या वेळी मूठभर काजू किंवा शेंगदाण्याचा लाडू. प्रथिनांचे महाग डबे स्वतःच्या मनाने आणू नका. त्याच पैशात महिनाभर अंडी आणि दूध येतं. अंगणवाडीतून मिळणारा आहार तिचाच आहे, तो घरात सगळ्यांत वाटला जाऊ नये. आणि दुपारी दोन तास डाव्या कुशीवर आराम. जून-जुलैत लावणीला वाकून उभ्या राहणाऱ्या, एप्रिल-मेमध्ये विहिरीवरून हंडे वाहणाऱ्या बाईचं खाल्लेलं कामातच संपतं. हे काम सासरच्यांनी वाटून घ्यायचं आहे, तिच्या खाण्याच्या सल्ल्यात ते बसत नाही.

मिशेरी. कोकणात दात घासायला मिशेरी लावणाऱ्या बायका अजून पुष्कळ आहेत, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. मिशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. बाळाचं वजन त्याने घटतं आणि बाळंतपण वेळेआधी होण्याचा धोका वाढतो. भूक मरते ती वेगळीच. कितीही चांगलं खाऊ घाला, मिशेरी चालू असेल तर त्यातलं बरंच वाया जातं. तिला लाज वाटेल असं बोलू नका, सोडवायला मदत करा.

वजन जास्त असेल तर गरोदरपणात वजन उतरवायला जाऊ नका. दिवसाचे चार-पाच गोड चहा, खारी-बटर, वडे, भजी एवढं थांबवलं तरी पुष्कळ होतं. जेवण पूर्ण जेवा.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायची, अर्धा-एक तास काही खायचं नाही. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. आणि मीठ आयोडीनयुक्तच वापरा. शिरोडा, पेण-उरणकडच्या मिठागरांचं खडं मीठ माशाला लावून ठेवायला ठीक, पण रोजच्या जेवणात त्याच्यावर राहिलात तर बाळाच्या मेंदूला हवं ते आयोडीन मिळत नाही.

सहावी पायरी: सण, उपास आणि मोसम

वटपौर्णिमा, हरतालिका, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार. जोखमीच्या बाईने निर्जळी उपास करू नये, आणि इन्सुलिन चालू असेल तर उपास नकोच. साबुदाणा-बटाट्याचा उपास साखरेला भाताहून वाईट. रमजानच्या रोज्यांबद्दलही आधी डॉक्टरांशी बोला. गरोदर बाईला त्यातून सूट आहे, हे घरातली मोठी माणसं जाणतात. गणपतीत साखर असलेल्या बाईने एखादा मोदक खावा, त्या जेवणातला भात तेवढा कमी करावा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांची तजवीज मे महिन्यातच करा: कुळीथ, काळे वाटाणे, कडवे वाल, अंडी. सुका जवळा आणि बिनमिठाचे सुके बोंबील प्रथिनांना चांगले, दोन-तीन पाण्यांत धुऊन नीट शिजवा. पावसात पाणी उकळूनच प्या, पालेभाजी मिठाच्या पाण्यात धुवा, रात्रीचा उरलेला भात दुसऱ्या दिवशी तिला वाढू नका. पिकलेली पपई चालते, कच्ची टाळा.

सातवी पायरी: माहेरी जाण्याआधी

पहिल्या बाळंतपणाला सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जायची पद्धत आहे, आणि तिथेच वजनाची नोंद तुटते. कार्ड, सगळे रिपोर्ट, गोळ्यांची महिन्याची बेगमी सोबत न्या. पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत तिथल्या काट्यावर वजन करा, शेजारी 'नवा काटा' असं लिहा, पुढची तुलना त्याच्याशीच. आईला आहार समजावून सांगा, नाहीतर लाडाने गोडधोड सुरू होतं.

रस्त्याचाही विचार करा. सिंधुदुर्गातून गंभीर केस गोव्यातल्या बांबोळीला किंवा कोल्हापूरला पाठवतात, रत्नागिरीतून बऱ्याचदा कोल्हापूरला, आणि पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की तासांचा खोळंबा होतो. बाळंतपण जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर कुठे जायचं आणि किती दिवस आधी जवळ जाऊन राहायचं, हे आठव्या महिन्यातच ठरवा.

बाळंत झाल्यावर

पथ्याच्या नावाखाली नुसता मऊ भात आणि तूप देऊ नका. दूध पाजणाऱ्या बाईला गरोदरपणापेक्षाही जास्त अन्न लागतं. मासे, अंडी, उसळ, पालेभाजी चालू ठेवा. लोहाच्या गोळ्या आणखी १८० दिवस, कॅल्शियम सहा महिने. बीपीवाल्या बाईचं बीपी बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातही चढू शकतं, तेव्हा घरी आल्यावरही तपासत राहा. साखर निघालेल्या बाईने सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची असते. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला जाल, त्याच फेरीत ती उरकून घ्या. तारीख कार्डावर आजच लिहा.